बाबांचा बर्फाचा खडा

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "इतकी वर्षं त्रैक्य मानतोय, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, पण कुणी समजावून सांगा म्हटलं की माझी बोबडी वळते." तेव्हा घाईत होतो, म्हणून आज सवडीने लिहितोय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

बाबा, लहानपणी तुम्ही पेल्यात बर्फाचा खडा टाकून दाखवला होतात. बर्फ, पाणी, वाफ, वस्तू एकच. मला ते इतकं पटलं होतं की मी खडा विरघळेपर्यंत पेल्यापाशी बसून राहिलो. आता वाचताना कळलं, तिसऱ्या शतकातल्या साबेल्लियस या ख्रिस्ती शिक्षकाची शिकवण जवळपास हीच होती, की पिता, पुत्र, आत्मा ही एकाच देवाची बदलती रूपं, आणि चर्चने ती नाकारली! तेच पाणी एका वेळी बर्फ असेल नाहीतर वाफ. पण यार्देन नदीतला येशूचा बाप्तिस्मा आठवा: पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, वरून पित्याची वाणी. तिघंही एकाच क्षणी. एकच जण मुखवटे बदलत असता, तर अटकेआधी गेथशेमाने बागेत येशूने प्रार्थना कुणाला केली?

दुसऱ्या टोकाला अरियस नावाचा धर्मगुरू. पुत्र थोर खरा, पण निर्माण केलेला, असं त्याचं मत. ३२५ साली निकियात भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ते फेटाळलं आणि पुत्र पित्याशी 'होमोउसिओस', म्हणजे एकाच तत्त्वाचा, असं ठरवलं. पुढे काहींनी 'होमोइउसिओस' सुचवला, म्हणजे 'सारख्या तत्त्वाचा'. आई, तू हसशील, पण त्या बारक्याशा 'इ'वरून बिशप हमरीतुमरीवर आले. निकियाची बाजू लढवणारा बिशप अथनासियस तर पाच वेळा हद्दपार झाला. त्याचा हट्ट मला पटतो. पुत्र निर्मिलेला असेल, तर ख्रिस्ती लोक इतके दिवस एका जीवाचीच उपासना करत होते की!

पवित्र आत्माही देवच, हे ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत स्पष्ट झालं. तीन व्यक्ती, तत्त्व एक. तीन देव नाहीत आणि एका देवाचे तीन तुकडेही नाहीत.

'त्रैक्य' हा शब्द बायबलमध्ये नाही, हे बाबा जाणतातच. पण आई, तू रोज रात्री "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने" म्हणतेस ना? हे शब्द बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातले; त्याच्या शेवटच्या अध्यायात मूळ ग्रीकमध्येही 'नाव' एकवचनीच आहे. शब्द मागाहून आला. लोक आधीपासून असंच म्हणत होते.

तेव्हा बाबा, कुणी विचारलं तर बर्फ राहू द्या, यार्देनेचा उतारा वाचून दाखवा. आत्मा पित्यापासून निघतो की पुत्रापासूनही, ही भानगड पुढच्या पत्रात. त्यावरून पूर्व-पश्चिमेची चर्चं शतकानुशतकं भांडताहेत, एका पानात मावायची नाही.

तुमचा,
बाळ