फलकावरचा खडू पुन्हा चालू द्या

महोदय,

सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणले आणि पुढे पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. आज आमच्या मराठी वाचनालयाची फिरती पेटी म्हणजे व्हॉट्सॲप. दिवाळी अंकांची यादी घरबसल्या मिळते. मुखपृष्ठ पाहून मुलेही पुस्तक मागतात, याचा मला फार आनंद आहे. पण ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला निरोप, ज्याने वाचनालयाचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोहोचतो. शेजारच्या आजींकडे तर साधाच फोन. वाचनालयाची वेळ बदलल्याचे त्यांना बंद दारापाशी कळले, तेही भर उन्हात. दारावरच्या फलकावर खडूने लिहिणे वाचनालयाने पुन्हा सुरू करावे, ही कळकळीची विनंती.

– एक सभासद, बडोदे