आधी मुळं बघायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सासूबाईंच्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडला फुलांचा दांडा आलाय हे फोनवर सांगितलंच. पण तुमचे आभार नीट मानायचे राहिले होते, आणि ते चारचौघांत मानावेत असं वाटलं, म्हणून हे पत्र.

साठीला भेट आलेलं ते झाड. जुलैत त्याची पानं मलूल झाली, सुरकुतली. घरात येणारा जाणारा म्हणायचा, तहानलंय. तुम्ही मात्र पानांकडे ओझरतं पाहिलंत आणि म्हणालात, "आधी मुळं बघू." ओट्यावर वर्तमानपत्र पसरून कुंडी उपडी केलीत. वरचं शेवाळ कोरडं होतं, पण मधोमध, नर्सरीतल्या जाळीच्या कपात, ओला गच्च गोळा तसाच होता. ठाण्याच्या पावसाळी हवेत तो वाळणार तरी कधी! त्यातलं एक तपकिरी मूळ तुम्ही चिमटीत धरून हलकेच ओढलंत. साल सुटून आली आणि आतला नुसता दोरा राहिला. झाडाला पाणी कमी पडत नव्हतं, ते पिणारी मुळंच कुजली होती. रानात ही झाडं दुसऱ्या झाडाच्या सालीला धरून वाढतात, मुळं उघड्या हवेत असतात, पावसात भिजतात आणि लगेच सुकतात, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत आणि सगळा उलगडा झाला.

कात्री गॅसच्या ज्योतीवर धरून कुजकं सगळं कापलंत. कापल्या जागी दालचिनीची पूड, तीही तेवढ्याच जागी, कारण चांगल्या मुळाला लागली तर ते सुकतं. मग मोठी नाही, उलट लहान कुंडी. कोळसा, विटांचे तुकडे आणि भिजवून खार काढलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे. कुंडी पारदर्शक हवी हा तुमचा हट्ट तेव्हा कळला नव्हता. आता रोज कळतो: मुळं चंदेरी दिसली की पाणी, हिरवी दिसली की थांबायचं. पाणी सकाळीच, आणि शेंड्यात साचलं तर कागदाने टिपून घ्यायचं. पावसाळ्यात ठरावीक वार पाळायचा नाही, मुळांनाच विचारायचं.

डेंड्रोबियम या माझ्या दुसऱ्या ऑर्किडच्या पानं गळालेल्या कांड्या मी कापायला निघाले होते, तेव्हा तुम्ही हात धरलात. जुनी कांडी हिरवी, टणक असेपर्यंत नव्या कोंबाला पोसते, हे ऐकून मला त्या झाडाबद्दल फार माया वाटली.

प्रदर्शनात तुम्ही सोबत नसता तर मी निळं फॅलेनॉप्सिसच घेऊन आले असते. दांड्यात रंग भरलेला असतो, पुढचा बहर पांढरा येतो, असं तुम्ही हळूच कानात सांगितलंत. मग जे निवडलंत त्याला फुलं तीनच होती. पण बुंधा हलत नव्हता, पानं ताठ होती, उलटून पाहिलं तर मिलीबग किडीचा पांढरा कापूस नाही की खवले कीड नाही, आणि कुंडीच्या भिंतीला हिरव्या टोकाची मुळं चिकटलेली. काही कळ्या मिटलेल्या, काही उमललेल्या, म्हणजे घरी आणल्यावर सगळ्याच गळाल्या असं होत नाही.

आणि घाटाच्या रस्त्यावर झाडावरून ओरबाडलेली सीतेची वेणी, आपलं रानातलं ऑर्किड, विकायला होती, तेव्हा तुमचा चेहरा पाहिला. काही न बोलता पुढे निघालात. तेव्हापासून ऑर्किड घेताना ते नर्सरीत वाढवलेलं आहे ना, हे आधी विचारते. मैत्रिणींनाही विचारायला लावते.

दांड्याबद्दल अजून एक. डिसेंबरात रात्री गारवा पडला आणि पानाच्या बेचक्यातून काहीतरी डोकावलं. सासूबाई म्हणाल्या, मूळ असेल. तुमची खूण आठवली: टोक गुळगुळीत गोल असेल तर मूळ, चपटं आणि कडेला खाच असेल तर दांडा. भिंग घेऊन दोघी बसलो. खाच होती! त्या संध्याकाळी घरात शिरा झाला.

बाई, तुमच्या गुडघ्यांना तीन जिने झेपत नाहीत हे ठाऊक आहे, तरी तुम्ही चढून आलात. पहिली कळी उमलली की कुंडीच घेऊन आम्ही दोघी तुमच्याकडे येतो. डेंड्रोबियमच्या कांडीवर एक पिल्लूही, म्हणजे छोटं नवं रोप, आलंय. त्याची मुळं बोटाएवढी झाली की वेगळं करायचं ना? तेवढं तेव्हा पाहून सांगा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची