पत्त्यांचा प्रकल्प आणि हरलेल्या डावांची वही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय प्रकल्प मुले करतात की त्यांचे पालक, याविषयी आपल्या पत्रांच्या सदरात बरीच मते येऊन गेली. त्या चर्चेत मला एका प्रकल्पाची हकिकत सांगायची आहे. नववीत शिकणाऱ्या माझ्या नातवाने वार्षिक प्रकल्पासाठी ‘पोकेमॉन पत्त्यांच्या खेळातला स्पर्धक होणे’ हा विषय घेतला. पत्ते हा प्रकल्पाचा विषय होऊ शकत नाही, असे सांगून शाळेने तो परत पाठवला आणि पुढे बऱ्याच विनवणीनंतर, शीर्षकातून ‘पत्ते’ हा शब्द काढण्याच्या अटीवर स्वीकारला. मी स्वतः ३१ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले आहे, आणि मुलाचे काम रोज डोळ्यांसमोर घडताना पाहिले नसते तर मीही बहुधा तोच शेरा लिहिला असता.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने १९९३ मध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ आणला, तेव्हापासून पत्त्यांच्या खेळाचा एक नवाच प्रकार रूढ झाला. या प्रकारात ठरीव जोड नसतो. हजारो पत्त्यांतून निवड करून प्रत्येक खेळाडू आपला जोड, म्हणजे ‘डेक’, स्वतः बांधतो. पोकेमॉन नावाच्या काल्पनिक प्राण्यांचा असा खेळ जपानमध्ये १९९६ साली आला आणि त्याची जागतिक स्पर्धा २००४ पासून होते. यात डेक बरोबर ६० पत्त्यांचा असावा लागतो आणि मूलभूत ऊर्जेचे पत्ते (पोकेमॉनला हल्ला करण्यासाठी लागणारे) सोडले तर एका नावाचे चारांहून अधिक पत्ते घेता येत नाहीत. सुरुवातीला हातात सात पत्ते येतात आणि सहा पत्ते ‘प्राइझ’ म्हणून पालथे बाजूला ठेवले जातात. प्रतिस्पर्ध्याचा पोकेमॉन बाद केला की त्यांतला पत्ता उचलायचा, आणि सहाही आधी उचलले की डाव जिंकला.

त्या सात पत्त्यांपासूनच नातवाच्या प्रकल्पाला खरी सुरुवात झाली. एखादा पत्ता डेकमध्ये चारदा असेल तर पहिल्या हातात तो निदान एकदा तरी येण्याची शक्यता किती, असे त्याने मला विचारले. संभाव्यता दहावीच्या बीजगणितात येते, त्यामुळे सूत्र त्याला माहीत नव्हते आणि मीही ते सांगितले नाही. त्याने जेवणाच्या टेबलावर शंभर वेळा पिसून सात-सात पत्ते वाटून पाहिले आणि ३७ वेळा तो पत्ता आला. मग आम्ही दोघांनी मिळून गणित मांडले तेव्हा उत्तर जवळजवळ ४० टक्के आले. ३७ आणि ४० यांतला फरक का पडला, हा पुढचा प्रश्न त्यानेच काढला. वर्गात हा प्रश्न मुलांकडून यावा म्हणून मी वर्षानुवर्षे धडपडले आहे.

दुसरी गोष्ट पालथ्या सहा पत्त्यांची. डावात पहिल्यांदा डेक चाळण्याची संधी मिळते तेव्हा आपले कोणते पत्ते त्या सहांत अडकले आहेत, हे चांगला खेळाडू उरलेले पत्ते पाहून ताडतो. एकच प्रत असलेला पत्ता तिथे जाण्याची शक्यता दहात एक असते, म्हणून त्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. नातू रोज संध्याकाळी सहा पत्ते न बघता बाजूला काढी, उरलेले ५४ चाळी आणि नसलेल्या पत्त्यांची नावे कागदावर लिही, तेव्हा मी घड्याळ घेऊन समोर बसत असे. पहिल्या दिवशी चार मिनिटे लागली आणि त्यातही दोन नावे चुकली. महिन्याभराने तो सव्वा मिनिटावर आला.

मात्र प्रकल्पाचा सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे नातवाची डावांच्या नोंदींची वही. समोरच्याचा डेक कोणता, पहिली खेळी कोणाची, निकाल काय आणि कारण काय, एवढेच रकाने त्यात आहेत. सुरुवातीच्या पानांवर कारणाच्या रकान्यात ‘पत्ते वाईट आले’ हेच वाक्य ओळीने येते. पुढे त्याने स्वतःच ती वाक्ये खोडून काही ठिकाणी ‘ऊर्जेचा पत्ता एक चाल आधी लावायला हवा होता’, ‘घाईत चुकीचा पत्ता टाकून दिला’ असे लिहिले आहे, आणि जिथे खरोखरच नशीब आडवे आले तिथे जुने वाक्य तसेच ठेवले आहे. हा विवेक पंधराव्या वर्षी येणे ही लहान गोष्ट नाही. ‘स्विस’ पद्धतीच्या ज्या एका स्पर्धेत तो खेळला, तिथे चारपैकी तीन फेऱ्या हरला. बुद्धिबळाप्रमाणे या पद्धतीत हरलेला खेळाडू बाद होत नाही, तर साधारण तितकेच गुण असलेल्यासमोर पुन्हा बसतो. त्यामुळे प्रत्येक पराभवानंतर हात मिळवून पुढच्या टेबलावर जाणे त्याला भाग पडले.

पत्ते म्हणजे जुगार ही भीती मी समजू शकते, पण येथे पैज नसते. रमीसारखा खेळसुद्धा प्रामुख्याने कौशल्याचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटले आहे. पालकांनी सावध राहायचे ते खेळापेक्षा खरेदीच्या बाबतीत. बंद पाकिटात कोणता पत्ता निघेल हे कळत नाही, आणि दुर्मीळ पत्त्याच्या आशेने मुले पाकिटांमागून पाकिटे फोडतात. आमच्याकडेही पहिले पाचशे रुपये असेच गेले आणि निघालेले पत्ते तर बनावट होते: कागद पातळ, पाठीचा निळा रंग फिकट. त्यानंतर पाकीट घ्यायचे नाही, हवा तो पत्ता सुटा घ्यायचा किंवा मित्राशी बदलायचा, आणि घरच्या सरावापुरते साध्या पत्त्यावर नाव लिहिलेली चिठ्ठी लावून भागवायचे, असा नियम त्याने केला व तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

शाळेच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात मुखपृष्ठ व सजावटीला दहा गुण आहेत, प्रत्यक्ष कामाच्या नोंदींना मात्र रकानाच नाही. म्हणून फाईल जमा झाली आणि वही घरीच राहिली. विषय कोणताही असो, प्रकल्प तपासताना शिक्षकांनी मुलांकडून अशी कच्ची वही मागून घ्यावी आणि तिला गुण द्यावेत, एवढीच विनंती आपल्या दैनिकामार्फत करते.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, पुणे