नाशिकचा तुरुंग आणि पक्षांचा जन्म

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पक्षांतरावरील आपल्या अग्रलेखात, स्वातंत्र्यानंतरचे बहुतेक विरोधी पक्ष काँग्रेसमधील मानापमानातून जन्माला आले, असे विधान ओघात आले आहे. ते मला मान्य नाही. नाशिककर म्हणून तर मुळीच नाही, कारण त्या काळातील एका प्रमुख पक्षाची, समाजवादी पक्षाची, बीजे आमच्या गावात रुजली आणि काँग्रेसशी त्याची फारकतही आमच्याच गावात झाली.

सविनय कायदेभंगात शिक्षा झालेले जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता हे तरुण १९३२-३३ च्या सुमारास नाशिकच्या मध्यवर्ती तुरुंगात होते. परकीय सत्ता गेल्यावर जमीन कोणाची आणि कारखाना कोणाचा, या प्रश्नावर तिथे झालेल्या चर्चांतून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. तो काँग्रेसच्या आतच राहिला. स्वातंत्र्य मिळेपर्यंत घर एकच असावे, ही त्यामागची भूमिका होती. १९४८ च्या आरंभी काँग्रेसने आपल्या घटनेत दुरुस्ती केली आणि स्वतंत्र सदस्यत्व, घटना व कार्यक्रम असलेल्या दुसऱ्या पक्षातील व्यक्तीला काँग्रेसचे सदस्य राहण्यास मनाई केली. मार्चमध्ये समाजवाद्यांचे अधिवेशन नाशिकला भरले आणि तिथे त्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला.

पुढे जे घडले, त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. समाजवादी नेते आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे सहकारी उत्तर प्रदेशाच्या विधानसभेवर काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले होते. पक्ष सोडताच त्यांनी आमदारकीही सोडली आणि पोटनिवडणुकीला सामोरे गेले. त्यांना तसे करायला लावणारा कोणताही कायदा तेव्हा नव्हता. राज्यघटनेचे काम अजून संविधान सभेत चालू होते, आणि पुढे अमलात आलेल्या घटनेतही १९८५ च्या ५२ व्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या, दुरुस्तीपर्यंत राजकीय पक्षांची दखल घेतलेली नव्हती. फैजाबादमध्ये काँग्रेसचे बाबा राघवदास यांच्याकडून नरेंद्र देव पराभूत झाले. विद्वत्तेने आणि त्यागाने एवढा मोठा माणूस हरला याचे वाचताना आजही वाईट वाटते, पण ज्या मतदारांनी एका पक्षाचे म्हणून निवडून दिले त्यांच्याकडे परत गेले पाहिजे, हा दंडक त्यांनी स्वतःची जागा गमावून घालून दिला.

मानापमान अजिबात नव्हते, असे मी म्हणणार नाही. १९५० साली काँग्रेसच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आचार्य कृपलानी पुरुषोत्तमदास टंडन यांच्याकडून हरले, आणि त्यानंतर वर्षभराच्या आत त्यांनी किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. (टंडनांच्या अध्यक्षतेखालील अधिवेशनही नाशिकलाच झाले होते.) मात्र शेतकरी कामगार पक्षाला हे माप लावता येत नाही. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी १९४७ मध्ये त्याची उभारणी केली, ती बहुजन शेतकऱ्याला काँग्रेसमध्ये न्याय मिळत नाही, या जाणिवेतून. आणि १९५० मध्ये दाभाडीला त्या पक्षाने आपली वैचारिक भूमिका प्रबंधाच्या रूपात मांडली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या दलितांच्या पक्षाचा तर काँग्रेसमधील भांडणाशी संबंधच नव्हता. डॉ. आंबेडकरांनी ते १९४२ मध्येच स्थापन केले होते.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मते आणि लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. समाजवादी पक्षाला मते दहा टक्क्यांहून अधिक पडली, जागा मात्र १२ आल्या. सत्तेचा हिशेब करणाऱ्या माणसाने असल्या पक्षात पाऊल टाकले नसते. मसानींचेच पाहा. नाशिकच्या तुरुंगात समाजवादी असलेला हा माणूस १९५९ साली, काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनातील सहकारी शेतीच्या ठरावाला विरोध म्हणून, राजाजी (सी. राजगोपालाचारी) आणि एन. जी. रंगा यांच्यासह स्वतंत्र पक्ष काढतो. मत पूर्ण बदलले, पण दोन्ही वेळी पक्ष काढण्याचे कारण मतच होते.

आपल्या अग्रलेखात १९८५ च्या कायद्याची आणि त्यातील पळवाटांची सविस्तर चर्चा आहे. तिच्या आधी फैजाबादच्या त्या पोटनिवडणुकीचा उल्लेख यायला हवा होता. निदान वाचकांच्या पत्रांत तरी तो यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक