ओआरएम शिकवताना डेटाबेस विसरू नये

महोदय,

संगणकाच्या अनेक अभ्यासक्रमांत डेटाबेसची रचना आता ओआरएममार्फतच, म्हणजे प्रोग्रॅममधील क्लास आणि डेटाबेसमधील टेबले यांची सांगड घालणाऱ्या साधनामार्फतच, शिकवली जाते. विद्यार्थी जँगो (पायथॉन भाषेतील) किंवा हायबरनेट (जावा भाषेतील) अशा साधनात क्लास, म्हणजेच मॉडेल, लिहितो आणि त्यावरून टेबल आपोआप तयार होते. या सोयीला माझा विरोध नाही. परंतु क्लासमध्ये लिहिलेला प्रत्येक नियम टेबलापर्यंत पोहोचतो, हा त्यातून रुजणारा समज चुकीचा आहे.

जँगोमध्ये ‘चॉइसेस’ वापरून एखाद्या कॉलमसाठी ठरावीक पर्याय नेमून दिले, तरी डेटाबेस त्यांबाहेरचे मूल्य निमूट स्वीकारतो, कारण ती तपासणी पायथॉनमध्ये होते. त्यासाठी ‘चेक कन्स्ट्रेंट’ (डेटाबेसनेच तपासायचा नियम) वेगळा लिहावा लागतो, आणि तोही 2019 च्या 2.2 या आवृत्तीपासूनच उपलब्ध आहे. ‘डीफॉल्ट’ मूल्य डेटाबेसमध्येच ठेवण्याची सोय तर डिसेंबर 2023 मध्ये, 5.0 या आवृत्तीत आली. टेबलाला एकच वेब अ‍ॅप्लिकेशन हात लावत असेल तोवर हे खपून जाते. पण त्याच टेबलात थेट एसक्यूएलने (डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेने) माहिती भरणारी एखादी स्क्रिप्ट आली, की पायथॉनमधले नियम तिला मुळीच लागू होत नाहीत.

सर्वांत फसवी बाब आहे ती ‘युनिक’ची. रुबी ऑन रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या मॉडेलमध्ये मोबाइल क्रमांक दुबार नसावा असे लिहिले, तर नोंद करण्यापूर्वी तो क्रमांक टेबलात शोधला जातो. मात्र दोन अर्ज एकाच क्षणी आले, तर दोन्ही वेळा तो सापडत नाही आणि दोन्ही नोंदी बिनबोभाट होतात. हे रोखतो तो डेटाबेसमधला युनिक इंडेक्स. रेल्सच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच हा इशारा दिलेला आहे, पण ती वाचतो कोण!

हायबरनेटला ‘अपडेट’वर, म्हणजे टेबले आपोआप बदलण्याच्या सेटिंगवर, सोडून देणेही असेच अंगाशी येते. क्लासमधल्या फील्डचे नाव बदलले, की तो नव्या नावाचा रिकामा कॉलम जोडतो आणि जुना, माहितीसकट, तसाच राहतो.

म्हणून अभ्यासमंडळांना विनंती आहे, की प्रात्यक्षिक परीक्षेत केवळ मॉडेल लिहून घेऊ नये. जँगोत ‘एसक्यूएलमायग्रेट’ ही आज्ञा मायग्रेशनमागचे, म्हणजे मॉडेलमधले बदल टेबलात उतरवणाऱ्या टप्प्यामागचे, एसक्यूएल दाखवते. ते विद्यार्थ्याला वाचायला लावावे आणि मॉडेलमधला कोणता नियम त्यात उतरलेला नाही, हे त्याला विचारावे.

– एक अध्यापक, पुणे