सीनियर्सना एकगठ्ठा काढू नका, पण त्यांच्या जागी येणारे आत्ताच उभे करा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

भारतीय पुरुष हॉकी टीमबद्दल सध्या जिकडेतिकडे एकच ऐकू येतंय, की मनप्रीत, मनदीप, रोहिदास ही मंडळी आता थकली, सगळ्यांना एकदम घरी बसवा आणि ज्युनियर पोरांना घेऊन नवीन टीम बांधा. उलट बाजूनेही तितकीच माणसं आहेत, ज्यांनी टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकला लागोपाठ दोन ब्राँझ आणली त्यांना हात लावाल तर खबरदार म्हणणारी. मला दोन्ही पटत नाही. मुळात सगळ्या टीमचा एकच निकाल लावायचा हेच चुकतंय, कारण प्रत्येक जागेचं गणित वेगळं आहे.

आधी वयं बघा. ऑगस्ट 2026 च्या वर्ल्डकपला मनप्रीत 34 चा असेल, अमित रोहिदास 33, मनदीप 31, हरमनप्रीत 30. वर्ल्डकप संपला की तीन आठवड्यांत जपानमध्ये एशियन गेम्स, तिथे गोल्ड मिळालं की 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं तिकीट थेट हातात. ते हुकलं तर क्वालिफायर म्हणजे पात्रता स्पर्धा खेळत बसायचं, आणि क्वालिफायरची भीती आपल्याला कुणी शिकवायला नको, 2008 मध्ये चिलीत ग्रेट ब्रिटनकडून हरलो आणि बीजिंगला गेलोच नाही, त्यानंतर लंडनला गेलो तर बारापैकी बारावे आलो. म्हणजे 2026 मध्ये अनुभव लागणारच आणि 2028 ला यातले किती पळू शकतील हेही आजच बघावं लागणार.

आता जून 2025 ची प्रो लीग, म्हणजे जगातल्या मोठ्या टीमची दरवर्षीची स्पर्धा. युरोपात ओळीने सात मॅच हरलो तेव्हा सगळ्यांनी सीनियर्सच्या नावाने बोटं मोडली. पण स्कोअर बघा ना, नेदरलँड्सशी 1-2 आणि 2-3, अर्जेंटिनाशी 3-4 आणि 1-2, ऑस्ट्रेलियाशी दोनदा 2-3. एकेका गोलाने सहा मॅच गेल्या, फक्त बेल्जियमने 6-3 धुतलं आणि त्याच बेल्जियमला आपण पुढच्याच मॅचला 4-3 हरवलं. टीम म्हातारी झाली म्हणून एका गोलाने हरते असं मला नाही वाटत, शेवटच्या क्वार्टरला बॉल धरून ठेवायचा असतो तिथे आपण घाई करतो, आणि तिथे बावीस वर्षांची अकरा पोरं घातली तर घाई वाढेल की कमी होईल हे तुम्हीच सांगा. दोनच महिन्यांनी याच टीमने राजगीरला कोरियाला 4-1 हरवून आशिया कप घेतला आणि वर्ल्डकपचं तिकीट काढलं.

पण मला खरं बोलायचंय ते रोहिदासच्या कामाबद्दल, कारण टीव्हीवर कुणी ते नीट दाखवत नाही. समोरच्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला की आपले चारजण आणि गोलकीपर गोललाइनमागे उभे राहतात. तिकडून बॉल आत ढकलला की पहिला रशर सरळ धावत सुटतो, ड्रॅगफ्लिक मारणाऱ्याच्या, म्हणजे बॉल स्टिकने ओढून गोलवर फेकणाऱ्याच्या, स्टिकच्या दिशेने. तोंडाला मास्क, गुडघ्याला गार्ड, आणि समोरून येणारा बॉल शंभर किलोमीटरच्या वेगाचा. फ्लिकर बॉल उचलायच्या आत त्याचा कोन बंद करायचा, मध्ये स्टिक घालायची, नाही जमलं तर अंगावर घ्यायचा. एक-दीड सेकंदाचा खेळ सगळा. रोहिदास हे काम कित्येक वर्षं करतोय. पॅरिसच्या क्वार्टर फायनलला ब्रिटनविरुद्ध त्याला सतराव्या मिनिटालाच रेड कार्ड मिळालं, बाकीचे दहाजण उरलेला सगळा वेळ लढले आणि शूटआउटमध्ये जिंकले, पण बंदीमुळे तो सेमीफायनलला नव्हता. त्या मॅचला जर्मनीच्या पेलाटने पेनल्टी कॉर्नरवरच बरोबरी केली आणि आपण 3-2 हरलो. तो असता तर तो गोल झालाच नसता असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, पण एक माणूस नसला की त्याच्या कामाचा दुसरा माणूस आपल्याकडे तयार नसतो हे तेव्हा सगळ्या जगाने बघितलं. म्हणून रोहिदासला काढा म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न, पहिला रशर कोण? नाव सांगा, त्याला मॅच खेळवा, आणि मग काढा.

गोलकीपरच्या बाबतीत हे आपण बरोबर केलंय. श्रीजेशने पॅरिसच्या आधीच जाहीर केलं की ही शेवटची स्पर्धा, पण त्याच्या कितीतरी आधीपासून दुसरा गोलकीपर पाठकला बरोबरीने क्वार्टर वाटून दिले जात होते, त्यामुळे श्रीजेश गेला त्या दिवशी त्याच्यामागे नवशिका उभा नव्हता. आता पाठकबरोबर आपल्या मुंबईचा सूरज करकेराही आहे. हे बाकीच्या जागांवर का होत नाही?

सगळ्यात जास्त काळजी आपले पेनल्टी कॉर्नर मारणाऱ्या हरमनप्रीतच्या जागेची आहे. पॅरिसला त्याचे एकट्याचे दहा गोल, स्पेनविरुद्ध ब्राँझच्या मॅचला दोन्ही गोल त्याचेच. त्याला काढा असं डोकं ठिकाणावर असलेला माणूस म्हणणार नाही, पण अख्खी टीम एका माणसाच्या मनगटावर किती दिवस चालवणार? जुगराज आहे, 2024 च्या एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलला चीनविरुद्ध एकमेव गोल त्याचाच होता, मग मोठ्या टीमविरुद्धचे पेनल्टी कॉर्नर ठरवून त्याला द्या, हरमनप्रीत मैदानात असताना द्या, दोन-चार वाया गेले तर जाऊ देत.

आणि ज्युनियर पोरांबद्दल म्हणाल तर चेन्नईला 2025 च्या ज्युनियर वर्ल्डकपमध्ये त्यांनी कोच श्रीजेशच्या हाताखाली ब्राँझ आणलं, अर्जेंटिनाला हरवून, मनापासून आनंद झाला. पण त्याच स्पर्धेत सेमीफायनलला जर्मनीने आपल्याला 5-1 हरवलं होतं हेही लक्षात असू द्या. 2016 मध्ये लखनौला आपण ज्युनियर वर्ल्डकप जिंकला त्या टीममधले हरमनप्रीत, सुमित, गुरजंत, सिमरनजीत पुढे टोकियोला मेडल घेऊन आले, पण मध्ये जवळजवळ पाच वर्षं गेली आणि त्या पाच वर्षांत त्यांच्या शेजारी मनप्रीत, श्रीजेश, रुपिंदर होते. त्याच टीमचा कॅप्टन हरजीत मात्र सीनियर टीममध्ये टिकू शकला नाही. ज्युनियरची सगळी पोरं वर येत नाहीत, जी येतात ती मोठ्यांच्या बाजूला खेळून येतात. टोकियोनंतर रुपिंदर आणि लाकरा स्वतःहून बाजूला झाले, आपल्याकडे इतकं मोठं मन सगळ्यांकडे असेल असं धरून चालता येत नाही, म्हणून ते काम फेडरेशनने करायचं असतं.

फेडरेशनने ते कसं करू नये हे पुण्याच्या माणसाला सांगायची गरज नाही. आमच्या खडकीचा धनराज पिल्ले. 1998 ला बँकॉकला त्याच्या कॅप्टनशिपखाली 32 वर्षांनी एशियन गेम्सचं गोल्ड आलं आणि लगेच पुढच्या टीममध्ये तो नाही, त्याच्याबरोबरचे बरेच सीनियर नाहीत. ऐन भरात असलेली टीम एका फटक्यात मोडली, कारण काय तर खेळाडू मॅचच्या पैशाबद्दल बोलले. आणि सहा वर्षांनी बरोब्बर उलटी चूक, अथेन्सला 36 व्या वर्षी त्याला नेलं, बाकावर बसवलं, शेवटच्या मॅचला अगदी संपता संपता मैदानात आणलं. चार ऑलिंपिक खेळलेल्या माणसाचा निरोप असा? त्याला न्यायचं नव्हतं तर तसं तोंडावर सांगायचं, आणि नेलं तर खेळवायचं. खडकीत आजही जुन्या खेळाडूंसमोर हा विषय काढला की माणसं गप्प होतात.

नुसतं नावावर टीम ठेवली की काय होतं ते बेल्जियमला विचारा. रिओचं सिल्व्हर, 2018 चा वर्ल्डकप, टोकियोचं गोल्ड, सगळी जवळपास तीच माणसं, आणि पॅरिसला क्वार्टर फायनलमध्ये स्पेनच्या पोरांनी त्यांना 3-2 ने घरी पाठवलं.

तर माझं म्हणणं इतकंच की एशियन गेम्स होईपर्यंत रोहिदासला हात लावू नका, मात्र प्रत्येक मॅचला दुसरा रशर त्याच्याबरोबर तयार करा. मनप्रीतला चारशेच्या वर मॅच झाल्यात, हॉकी इंडियाचे अध्यक्ष दिलीप तिर्की यांच्या 412 मॅचच्या आकड्यासाठी त्याला खेळवू नका आणि त्या आकड्यामुळे बसवूही नका, मिडफिल्डला हार्दिकच्या शेजारी शेवटची दहा मिनिटं बॉल कोण सांभाळतो एवढंच बघा. फॉरवर्डला मात्र थांबायचं कारण नाही, तिथे अभिषेक, सुखजीत आहेत, नवीन पोरं रांगेत आहेत, मनदीपची जागा दर स्पर्धेला फॉर्मवरच ठरली पाहिजे. आणि ज्याला काढायचं त्याला कोचने समोर बसवून कारण सांगा, टीमची यादी मोबाइलवर वाचून त्याला कळता कामा नये.

आपला,
एक हॉकीप्रेमी वाचक,
खडकी, पुणे