उझी माशीवर फवारणी नको

महोदय,

रेशीम शेतीवरील आपला लेख वाचला. तुती लागवडीचा भाग उत्तम आहे. पण रेशीम अळीवर जगणारी उझी माशी दिसताच संगोपनगृहात, म्हणजे अळ्या वाढवण्याच्या खोलीत, कीटकनाशक फवारण्याचा त्यातला सल्ला घातक आहे. त्या फवाऱ्याने आधी रेशीम अळीच मरते.

घरमाशीहून मोठी, करडी, पाठीवर चार काळे पट्टे असलेली ही माशी अळीच्या अंगावर पांढुरके अंडे घालते. दोन-तीन दिवसांत त्यातला किडा अळीत शिरतो. खूण म्हणून काळा डाग उरतो. आठवडाभर तो तिला आतून खातो, मग बाहेर पडून जमिनीच्या भेगांत, अंधारात कोषावस्थेत जातो. 10-12 दिवसांनी नवी माशी उडते. बंगालमधली ही कीड 1980 मध्ये कर्नाटकात पोहोचली, तीही रेशीम कोषांच्या वाहतुकीबरोबर.

म्हणून दारे-खिडक्यांना नायलॉन जाळी लावावी, भेगा बुजवाव्यात, बाहेर पडलेले किडे रोज वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. हे गावातल्या सर्वांनी एकदम करायला हवे. एकाच्या जाळीने भागत नाही. नव्याने तुती लावणारे शेतकरी आपला अंक विश्वासाने वाचतात. कृपया दुरुस्ती छापावी.

– एक रेशीम उत्पादक, जालना